बाबांचा खांदा, गावाची ढाल

१४ जुलै

बाबा आले. फोन नाही, निरोप नाही. सकाळच्या गाडीनं सौंदडहून निघाले आणि स्टेशनवरून ऑटो करून थेट कुडव्याला, माझ्या जिमच्या शेडवर. हातात थैली, थैलीत मायनं दिलेले बांबूचे कोवळे कोंब, वास्ते. बायकांची बॅच चालू होती. बाबा दारातल्या बाकावर बसले ते बॅच संपेपर्यंत उठले नाहीत. लता वहिनी लाजून डंबेल खाली ठेवायला लागल्या. म्हटलं, वहिनी, माझे बाबा आहेत ते, परीक्षक नाहीत. उचला.

सगळ्या गेल्यावर म्हणाले, "मलेबी शिकव."

"काय?"

"हेच. थे लोखंड."

"काऊन?"

"ढाल धराची हाये."

हातातला झाडू तसाच राहिला. मागच्या मंडईत, गावच्या जत्रेत, गावाची ढाल बाबांच्या हातात झुकली. मोरपिसं बांधलेला तो उंच निशाणाचा बांबू पार माणसांवर यायला निघाला होता. राकेशनं, माझ्या चुलत भावानं, धावून धरला. तेव्हापासून घरात हा विषय बंद. बाबांच्या तोंडावर गावात कोणी काही बोललं नाही, हेच वाईट झालं. बोलले असते तर बाबांनी दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळे झाले असते. आता यंदा ढाल राकेशला द्यायची असं गावात चाललंय म्हणे.

खांदा पाहिला. उजवा हात कानापर्यंत जात नाही. मधेच अडकतो, तोंड वाकडं होतं आणि वरून म्हणतात दुखत नाही.

"बाबा, द्या ना राकेशला. कितीक वर्षं धरली तुम्ही."

"देईन ना. मी कोठी नाई म्हनतो? पन माह्या हातातून झुकली म्हनून गेली, असं नाई पाहिजे."

बाप्पा, काय माणूस आहे! मंडई दिवाळीनंतर. तीन महिने आहेत हातात. पुरतात. मी लिहून देते, पुरतात.

१६ जुलै

डॉक्टर, सोनोग्राफी. डॉक्टर हिंदीत, बाबा आपल्या बोलीत, दोघांचं बराबर जमलं. "उमर कितनी है दादा?" "उमर कायले पाह्यता, खांदा पाहा." आतली एक शीर घासून विरली आहे, तुटलेली नाही. ऑपरेशन नको. व्यायाम करा, पण डोक्यावर वजन इतक्यात नको. मी विचारलं, मग कधी? "ताकत आ जाए, दर्द ना हो, तो कर लेना. ट्रेनर तो आप हैं." हो, आहे.

सुधीर तिरोड्याच्या शिफ्टवरून आला, चहा पिता पिता म्हणतो, बाबांना समजाव, साठी उलटली त्यांची. म्हटलं, नवरोबा, साठी उलटली म्हणून स्नायू मरतात का? स्नायूला वय कळत नाही, काम कळतं. वाक्य झकास जमलं. शेडच्या भिंतीवर रंगवून घेते.

१९ जुलै

मायचा फोन. तापलेली.

"रोवना चालू हाये अना बुढा जिमले चालला. मी गावात का सांगू?"

"सांग, पोरीकडे गेला."

"पोरीकडे कोनी हाफपँट घेऊन जाते का वो?"

हसून हसून पोट दुखलं. हाफपँट मीच घेऊन दिली होती. तोड काढली. मंगळवारी आणि गुरुवारी गाडीनं यायचं. बाकीचे दिवस गोठ्याच्या खांबाला सायकलची जुनी ट्यूब बांधून दिली आहे, ती ओढायची. रोवण्याचं, धानाच्या लावणीचं, राकेश पाहून राहिला, त्यांचंही आणि आपलंही. हे त्याचं चांगलं आहे. लिहून ठेवते, कारण एरवी मी त्याच्यावर रागावलेलीच असते.

२४ जुलै

बाबा वैतागले. आल्यापासून लोखंडाला हात लावू दिला नाही मी. नुसतं भिंतीला तळवे टेकवून फरे मागे-पुढे, खाली-वर. पाठीवरचं पातं, दुसरं काही नाही.

"हे का लायन्या पोरायचा खेळ लावला?"

"बाबा, हात खांद्यातून उचलत नाही कोणी. आधी फरा फिरतो, मग हात जातो. तुमचा फरा पाठीला चिकटून बसलाय. दार उघडायचं तर बिजागरी हलली पाहिजे की नाही?"

"मंग तेल घाल."

हे तेलच आहे म्हटलं. थोड्या वेळानं स्वतःच भिंतीशी जाऊन उभे राहिले. शिकणारा माणूस आहे, फक्त शिकतोय हे कबूल करत नाही.

७ ऑगस्ट

आज पहिल्यांदा मोबाइलवर स्लोमो घेतला. साधा हात वर करायला लावला, मागून. उजवा खांदा आधी कानाकडे उडी मारतो, मग हात निघतो. म्हणजे काम करतात मानेजवळचे स्नायू आणि फऱ्याखालचे झोपलेले. मला नुसत्या डोळ्यांनीही दिसलं होतं, पण बाबांना दाखवायचं होतं.

बाबा स्क्रीनकडे पाहत राहिले. "हा बुढा कोन होय?"

"तुम्हीच."

"माही पाठ अशी हाये?"

पाठ आपली आपल्याला कधी दिसत नाही, मलाही माझी पहिल्यांदा पाहून धक्का बसला होता. जाताना मायसाठी घेतलेली पिशवी डाव्या हातात आणि उजवा खांदा मुद्दाम खाली, तसे चालले होते. मी फाटकातून पाहिलं. फार बरं वाटलं.

१२ ऑगस्ट

बाबांची रबराची ओढ वाढवली. हातात पाण्याच्या कॅन देऊन शेडभर चालणंही सुरू. परवापेक्षा आज जरासं जास्त आणि मधे विसावा, एवढंच तर असतं सगळं. लोकांना वाटतं काही मंत्र आहे.

आजची खरी गंमत लता वहिनींची. बार डोक्यावर ढकलताना अडकतात, रोजच. बार नाकासमोरून जाताना डोकं जरा मागं घ्यायचं, बार वर गेला की डोकं पुढं. सांगून थकले. बाईची मान खांबासारखी. बार मग लांबून वळसा घालून जातो आणि कंबर वाकते. आज वैतागून विचारलं, वहिनी, मान काऊन हलवत नाही?

"मान हालवली का भारा जाते ना वो."

"कोणता भारा?"

वहिनीच थबकल्या. लग्नाआधी तिरोड्याकडच्या त्यांच्या माहेरी धानाचे भारे डोक्यावर वाहिलेत त्यांनी. किती वर्षं झाली, भारा नाही, बांध नाही, कुडव्यात दुकान आहे नवऱ्याचं. पण हात डोक्यावर गेले की मानेला वाटतं भारा आहे. म्हटलं, वहिनी, डोक्यावर काही नाही, देवाशपथ. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. आणि पुढच्याच वेळी बार सरळ वर.

अंगाला जुनं काम सुटत नाही, हे मी आज बीपीएडच्या पुस्तकातून नाही, वहिनींच्या मानेतून शिकले.

२६ ऑगस्ट

हात कानाला लागला!! बाबांच्या लक्षातही नाही. टॉवेल वाळत टाकत होते वरच्या तारेवर, उजव्या हातानं. मी ओरडले. बाबा दचकले, टॉवेल चिखलात.

"का झालं?"

"काही नाही. हात पाहा कुठे आहे तुमचा."

पाहिला. "हाव का," म्हणाले आणि टॉवेल पुन्हा धुवायला गेले. पण धुऊन परत त्याच तारेवर, त्याच हातानं टाकला. मी काय आंधळी आहे?

४ सप्टेंबर

बांबू आणला. साधाच, ढालीएवढा लांब, वरच्या टोकाला ओल्या कपड्याची पिशवी बांधली वजनाला. ढाल धरायची रीत तीच ठेवली. कमरेला शेला, शेल्याच्या घडीत बांबूचा बुडखा, डावा हात पोटाशी, उजवा डोक्याच्या वर. बाबांनी उभा धरला आणि हलले नाहीत. दुखतं का? नाही. खरं? खरं. चेहराही सरळ. फरा जागेवर.

मी तर मनातल्या मनात हार गुंफला. मग शेंड्याला बांधलेली दोरी सहज जराशी ओढली. एकदम गेला की बांबू! बाबा मागं रेलले, दात-ओठ खाल्ले, बांबू त्यांच्यासकट माझ्या अंगावर. मी पकडला म्हणून बरं.

ताकद आली आहे. मग काऊन गेला? डोकं चालेना. मागच्या वर्षी नक्की काय झालं ते मी पाहिलंच नाही. म्हणजे होते तिथंच, पण डोळे मिटले होते.

७ सप्टेंबर

रविवार, गावी. राकेशला गाठलं, बांधावर. तू मागच्या मंडईचा व्हिडिओ काढला होतास ना?

"पप्प्यानं काढला. मी माह्या मोबाइलात घेतला अना त्याच्या मोबाइलातला मिटवला. कोनाले दाखवला नाई, ताई."

बाबा त्याचे मोठेबाबा, त्यांच्यासाठी केलं त्यानं. मग तोच म्हणाला, "मलेबी पाहिजे ढाल. खोटं कायले बोलू? पन मोठेबाबानं देल्ली तं. हिसकून नाई."

बांधावर बसून दोघांनी पाहिला. पुन्हा, पुन्हा, सावकाश. ढाल डावीकडे कलते. बाबा काय करतात? दोन्ही टाचा मातीत रोवतात, गुडघे ताठ, अंग मागं टाकतात आणि दोन्ही हातांनी ओढतात.

राकेश म्हणाला, "बैल धरल्यावानी."

बैल! अरे देवा, बैलच! आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाई-गुरं राखलेली. बाबांनी सहा-सात वर्षांचे असल्यापासून दाव्याला लटकून गोऱ्हे थांबवलेत. बैल ओढायला लागला की टाचा रोवायच्या आणि मागं रेलायचं, हे बाबांना शिकवावं लागलं नाही, हे त्यांचं हाडच आहे. पण बांबू म्हणजे बैल नाही. बांबूला ओढून काही होत नाही. तो जिकडे कलला तिकडे आपण पायांनी त्याच्याखाली जायचं. शेंडा चालला तर बुडखाही चालला पाहिजे. हातानं जी गोष्ट होणारच नाही ती खांद्यानं करायला गेले, म्हणून खांदा गेला.

मी दोन महिने खांदा-खांदा करत बसले आणि दुखणं होतं पायांत! नाही, खांदाही लागतोच. वाया काही गेलं नाही. पण आता पाय.

११ सप्टेंबर

बाबांना समजावलं. "ढाल बैल नाही, बाबा. तिच्याशी झगडायचं नाही. तिच्याखाली चालत जायचं."

"थे मले मालूम हाये."

मालूम आहे, पण दोरी ओढली की टाचा जमिनीत. प्रत्येक वेळी.

१८ सप्टेंबर

भांडण. कडाक्याचं. बांबू मी न सांगता ओढते, कधी इकडून, कधी तिकडून, बायका बाजूला उभ्या राहून "चला, चला बाबाजी, चला" करतात. आज सगळेच्या सगळे प्रयत्न रेललेलेच. मी ओरडले, "पाय हलवा ना! पाय काय भाड्यानं दिलेत?" सगळ्यांसमोर.

बाबांनी बांबू खाली टाकला. ठेवला नाही, टाकला. "ढाल घेऊन पऱ्हाची (पळायची) रीत नाई आपल्यात. ढाल घेऊन माणूस उभा राह्यते." चपला घातल्या आणि स्टेशनवर. गाडीला दोन तास होते.

जीभ जरा आवरायला पाहिजे मी. पण चुकीचं काय बोलले? संध्याकाळची बॅच घेतली, सगळ्यांवर डाफरले. लता वहिनी जाताना पाठीवर हात ठेवून गेल्या. तेव्हा रडू आलं.

२३ सप्टेंबर

मंगळवार. बाबा आले नाहीत. दुपारपर्यंत तीनदा फाटकात गेले. संध्याकाळी मायचा फोन.

"तुह्या बापाले का करून ठेवलं वो?"

"काय झालं?"

"आंगनात बांबूचा बासा घेऊन एकटाच नाचते. इकडून तिकडं, तिकडून इकडं. कुत्रे भुकते. शेजारची म्हने बुढ्याच्या अंगात आलं."

"पाय हलतात का त्याचे?"

"पायच तं हालतेत! माह्या पापडायवर पाय देल्ला!"

देवा, तुझे उपकार. मायला म्हटलं, पापड मी नवे आणून देते, तू फक्त त्याला अडवू नको.

२५ सप्टेंबर

आले. बांबू घेतला. दोरी ओढली, दोन पावलं गेले, बांबू वर आला. पुन्हा. चारातून एकदा टाचा रोवतात अजून. चालेल. मधे म्हणाले, "गोऱ्ह्यापासी बी मी कधी कधी पऱ्हत होतो. सोडून देल्ला तं आपोआप थांबते थो."

म्हणजे आपलंच खरं ठेवायचं. ठेवा, ठेवा.

५ ऑक्टोबर

गावी. धनलाल काका घरी आले, पंचांतर्फे. सुपारी कातरत बसले आधी बराच वेळ. मग म्हणाले, "भाऊ, यंदा तुह्याच हाती देतो. आमच्या मनात तुह्याबद्दल काही नाई. पन झुकली तं मंग राकेशले. कायमची. पुन्हा हा विषय नाई काढाचा."

मी म्हणणार होते की काका, वाऱ्याचं काय, गर्दीचं काय, "झुकली" म्हणजे नक्की किती. पण बाबा बोलून मोकळे. "मंजूर."

मला विचारलंसुद्धा नाही! परतीच्या गाडीत मी धुमसत बसले. पण खरं सांगू, त्यांनी "मंजूर" म्हटलं तेव्हा अंगावर काटा आला. त्या आवाजाचा माणूस मी वर्षभर पाहिला नव्हता.

१२ ऑक्टोबर

गावी. ढाल खाली काढली, साफसफाईला. मीच धरून पाहिली आधी, मागच्या अंगणात. बांबू ठीक आहे, पण शेंडा जड! पोट्ट्यांनी दोन वर्षांपूर्वी मोरपिसांच्या खाली लायटिंग लावली, शेजारच्या गावाची ढाल चमकते म्हणून. लायटिंग हलकी आहे, पण तिची बॅटरीही तिथंच, पार वर बांधलेली. अरे, शेंड्याला पावशेर म्हणजे हातात किती होतं ते धरणाऱ्याला विचारा!

राकेशला म्हटलं, काढ ही. तो म्हणाला, पोट्टे रुसतील, लाइट तर पाहिजे. म्हटलं, लाइट ठेव, बॅटरी खाली आण, मोठेबाबांच्या कमरेला बांध, वायर लांब घे. राकेशनं दुपारभर बसून स्वतः केलं. एकदाही म्हणाला नाही की वरच राहू दे. राहिली असती तर त्याचा फायदाच होता. मी हे त्याला बोलून दाखवलं.

"ताई, तू बी ना," म्हणाला आणि वायरला टेप लावत राहिला.

२२ ऑक्टोबर

गायगोधन. गाईंची पूजा झाली, खिचडी झाली, ढालीला नवा कपडा चढवला. बाबांनी अंगणात उभी केली, थोडं नाचवली. छान. सुंदर. पाय हलके. खांदा कानापासून दूर. माय उंबऱ्यात उभी होती, पदर तोंडाला. मला म्हणाली, "मोबाइल ठेव जरा, नुसती पाह्य."

ठेवला.

२६ ऑक्टोबर

मंडई.

आत्ताच परत आले.

मंदिरापासून निघालो. डफ, सनई, पोरं, धूळ. बाबांनी ढाल उचलली आणि मी मागून शूटिंग करत होते, आमचं ठरलंच होतं. गल्लीतून सरळ. चौकातून सरळ. नाचवली, फिरवली, बायकांनी ओवाळलं. राकेश दोन हात अंतरावर डावीकडे. मी त्याला सांगून ठेवलं होतं, पडायलाच लागली तर धर, नाहीतर हात लावू नको.

तलावाच्या पाळीजवळ आलो आणि पाण्यावरून वारा आला. ढालीचा कपडा फुगला. शेंडा डावीकडे निघाला. निघालाच. माणसं ओरडली. राकेशचे हात पुढं आले. मला बाबांच्या टाचा दिसल्या, आणि त्या टाचा रोवल्या गेल्या, एक क्षण. मी ओरडणार तेवढ्यात सुटल्या. बाबा गेले. वाऱ्याच्या दिशेनं, लोकांमधून, धोतराचा सोगा सुटलेला, लहान लहान पावलं टाकत त्या बांबूच्या खाली पळाले. ढाल उभी झाली. राकेशनं आपले हात मागं घेतले आणि पाठीमागं बांधून घेतले.

मग बाबा नाचायला लागले. म्हणजे आपल्याला तेच करायचं होतं असे! अख्खी मंडई नाचली. मैदानावर ढाल रोवेपर्यंत पुन्हा हलली नाही.

आणि लगेच सुरू झालं. "झुकली." "नाई, नाचवली." "झुकली गा, मी पाहिली." "थो वारा होय, वाऱ्याले माणूस का करन?" भज्यांच्या दुकानापाशी दोन पार्ट्या. धनलाल काका दोन्हीकडे मान हलवत होते. बाबा पाळीवर बसून पाणी पीत होते. खांदा दुखतो का विचारलं. "नाई," म्हणाले. या वेळी खरं होतं.

२७ ऑक्टोबर

व्हिडिओ पाहिला. नुसता, मग स्लोमो, मग थांबवून थांबवून.

झुकली.

नाचवली वगैरे काही नाही. झुकली, चांगलीच. मागच्या वर्षी राकेशनं धरली तेव्हा होती, जवळजवळ तेवढीच. यंदा ती परत आली, एवढाच फरक. पण पंचांचा शब्द "झुकली तं" असा होता. परत आली तर काय, हे कोणी बोललंच नव्हतं.

दुपारी धनलाल काकांचा फोन. "बाई, तुह्यापासी व्हिडिओ हाये म्हने. अर्धं गाव एक सांगते, अर्धं एक. रविवारी पंच बसून राहिले. घेऊन ये."

सुधीर म्हणतो, "मोबाइल हँग झाला सांग. मिटव आणि विषय संपव." साधा माणूस आहे, माझ्या भल्याचंच बोलतो. पण मी शेडमध्ये प्रत्येकीला काय सांगते? डोळे लाड करतात, मोबाइल करत नाही. तुम्हाला वाटतं तसं नाही, दिसतं तसं आहे. आता माझ्या बापाची पाळी आली तर मोबाइल हँग?

आणि दाखवला तर? ढाल गेली. कायमची. माझ्या हातानं.

२८ ऑक्टोबर

बाबा आज येणार नाहीत, धानाची कापणी सुरू झाली. राकेशचा फोन आला.

"ताई, रविवारी काय दाखवशीन?"

"माहीत नाही."

"त्यात माहे हात दिसतेत का?"

"दिसतात. पुढं आलेले दिसतात आणि मागं गेलेलेही."

मग म्हणाला, "मंग मी बी बोलीन रविवारी," आणि ठेवून दिला. काय बोलणार ते विचारायचं राहिलंच.

३० ऑक्टोबर

गुरुवार. बाबा आले. कापणी सोडून. मी चहा ठेवला, मोबाइल समोर ठेवला आणि म्हटलं, पाहा.

चष्मा लावून पाहिला. एकदा जोरात, एकदा स्लोमो. आपल्या टाचा रोवल्या गेल्या तिथं स्वतःच बोट लावून थांबवला. पुन्हा सोडला. पाळीपर्यंत, नाचेपर्यंत, ढाल मैदानात उभी होईपर्यंत पूर्ण पाहिला. चहा गार झाला.

"झुकली," म्हणाले.

"हो."

"बरीच झुकली वो."

"हो, बाबा. पण धनलाल काकांना सांगता येईल की मोबाइल..."

"कायले?" एकदम चढ्या आवाजात. शेडमधल्या बायका वळून पाहायला लागल्या. "तीन महिने तू मले हाच दाखवत राहिली ना? बाबा, असा हात, बाबा, असा फरा. तवा खरा होता अना आता खोटा झाला का?"

मी गार चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

बाबांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. "झुकली तं झुकली. दाखव पंचायले. पन झुकल्यावर बंद नको करू, पुढचंबी पाहू दे. कोनं उभी केली थेही दिसलं पाहिजे त्याइले."

रविवारी सकाळच्या गाडीनं निघते.